खातेउताऱ्याचं दुसरं पान आणि रिपोर्टमधला कस्टम कोड

मुंबईच्या लोहार चाळीतल्या एका इलेक्ट्रिकल मालाच्या होलसेल पेढीचं हे प्रकरण. दुकान तिथं, गोडाऊन भिवंडीला, अकाउंट्सची मंडळी दुकानाच्या वर पोटमाळ्यावर बसतात. डेटा एसक्यूएल सर्व्हरमध्ये आणि सगळे रिपोर्ट मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्टिंग सर्व्हिसेसवर, म्हणजे आपल्या रोजच्या एसएसआरएसवर. रिपोर्ट आधी दुसऱ्या कोणीतरी बनवलेले, तो माणूस काम सोडून गेलेला, आणि मग ते सांभाळायला आमच्याकडे आले. नावं कोणाचीच घेत नाही, त्याची गरजही नाही, पण जे सापडलं ते इतक्या ठिकाणी सापडतं की सविस्तर लिहायला हवं.

तक्रार अशी होती की पार्टीचा खातेउतारा स्क्रीनवर बघितला की पहिलं पान बरोबर आणि दुसऱ्या पानापासून बाकी चुकते, पण त्याच उताऱ्याची पीडीएफ काढली की सगळं बरोबर. अकाउंट्सच्या मॅडमनी एक नमुना काढूनच ठेवला होता. पहिल्या पानाची शेवटची बाकी ४,३५,६००, दुसऱ्या पानावरचं पहिलं बिल १८,४०० चं, म्हणजे पुढची बाकी ४,५४,००० यायला हवी, तिथं नुसते १८,४०० दिसत होते. मॅडमचा प्रश्न सरळ होता, "अहो, पीडीएफ बरोबर येते तर स्क्रीनवर का नाही, दोन्हीचा डेटा एकच ना?" डेटा एकच होता, चूक डेटात नव्हतीच.

रिपोर्ट उघडला. ज्यांनी एसएसआरएस फार खोलात वापरलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येक टेक्स्टबॉक्सच्या मागे एक एक्स्प्रेशन असतं, बरोबरच्या चिन्हाने सुरू होणारं, व्हिज्युअल बेसिकच्या धर्तीवर. एक्स्प्रेशन फार लांब व्हायला लागलं किंवा तेच तेच दहा ठिकाणी लिहावं लागलं तर रिपोर्ट प्रॉपर्टीजमध्ये कोड नावाचा टॅब आहे, तिथं व्हिज्युअल बेसिक डॉट नेटमध्ये आपलं फंक्शन लिहायचं आणि एक्स्प्रेशनमधून कोड, टिंब, फंक्शनचं नाव असं बोलवायचं. सोय फार चांगली आहे, माझं तिच्यावर प्रेम आहे असंच म्हणा. पण तो टॅब म्हणजे साधा टेक्स्टचा डबा आहे, रंग नाहीत, ऑटोकम्प्लीट नाही, डीबगर नाही, चुकलं तर कंपाइल एरर आणि लाइन नंबर मिळतो आणि चालताना फुटलं तर त्या चौकटीत हॅश एरर छापून येतं, बस. त्यामुळे तिथं काय ठेवायचं आणि काय नाही हे आधीच ठरवावं लागतं, आणि या रिपोर्टमध्ये ते कोणीच ठरवलेलं नव्हतं. खातेउताऱ्याच्या कोड टॅबमध्ये बाकीची बेरीज, लाख-कोटीचे कॉमा, अक्षरी रक्कम, उधारीचे दिवस आणि रंग, टक्केवारीचा भागाकार, सगळं एकाखाली एक ओतलेलं होतं.

बाकीचं फंक्शन असं होतं की वर एक व्हेरिएबल, सुरुवातीला शून्य, आणि प्रत्येक ओळीच्या टेक्स्टबॉक्समधून फंक्शनला रक्कम द्यायची, ते व्हेरिएबलमध्ये मिळवायचं आणि नवी बेरीज परत द्यायची. वाचताना एकदम बरोबर वाटतं. पण एसएसआरएस २००८ पासून रिपोर्ट पानापानाने, मागणी येईल तसा प्रोसेस करतं, तुम्ही ब्राउझरमध्ये दुसऱ्या पानाचं बटण दाबता ती सर्व्हरसाठी नवी रिक्वेस्ट असते, आणि त्या रिक्वेस्टला कोडची नवी प्रत मिळते, तिच्यात व्हेरिएबल पुन्हा शून्य. पीडीएफ मात्र एकाच रिक्वेस्टमध्ये पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत बनते म्हणून तिथं बेरीज तुटत नाही. मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं. आणि डेव्हलपरच्या मशीनवर ही गोष्ट कधी दिसली नाही कारण टेस्टच्या पार्टीचा उतारा एका पानात संपायचा.

आता गंमत नाही, खरी काळजीची गोष्ट पुढे आहे. याच रिपोर्टची एक दुसरी प्रत होती, वसुलीला फिरणाऱ्या मुलांसाठीची, आणि तिच्यात कोणीतरी हा दोष "दुरुस्त" केला होता, व्हेरिएबलच्या आधी शेअर्ड लिहून, आणि पार्टीच्या पहिल्या ओळीला ते शून्य करून. नेटवर हाच उपाय सगळीकडे मिळतो. दुसरं पान बरोबर यायला लागतं आणि लोक खूश होतात. पण शेअर्ड म्हणजे ते व्हेरिएबल त्या रिपोर्टच्या सगळ्या चालू प्रतींमध्ये एकच. दोन मुलांनी एकाच वेळी दोन वेगळ्या पार्ट्यांचा उतारा काढला तर दोघं मिळून एकाच कच्च्या वहीत बेरीज मारतायत, एकाने मध्येच वही पुसली तरी दुसऱ्याला पत्ता नाही.

हे आम्हाला कसं कळलं ते सांगतो, कारण असा दोष पकडणं अवघड असतं, परत रिपोर्ट चालवला की सगळं बरोबर दिसतं. मस्जिद बंदरच्या एका पार्टीने उताऱ्यावर वाद घातला होता की बाकी जास्त दाखवलीय. फरक ६२,७५० चा. त्या पार्टीच्या खात्यात एवढ्या रकमेचं बिल नाही, दोन-तीन बिलं मिळूनही एवढी रक्कम होत नाही. मॅडमनी सहज सगळ्या विक्रीच्या रजिस्टरमध्ये ६२,७५० शोधलं तर दादरच्या एका पार्टीचं बिल निघालं, आणि रिपोर्ट सर्व्हरचा एक्झिक्युशन लॉग बघितला तर दोन्ही उतारे त्या सकाळी एकाच मिनिटात निघालेले. एका पार्टीचं बिल दुसऱ्या पार्टीच्या बाकीत. पैशाच्या कागदावर हे होणं म्हणजे पेढीच्या शब्दाला धक्का आहे, मालक त्या दिवशी खूप अस्वस्थ होते आणि त्यांचं बरोबरच होतं. त्यांनी स्वतः त्या पार्टीला फोन करून माफी मागितली.

दुरुस्ती साधी निघाली. चालती बेरीज करायला एसएसआरएसमध्ये रनिंगव्हॅल्यू नावाचं तयार फंक्शन आहे, त्याला फील्ड, बेरीज करायची म्हणून सम, आणि कुठल्या ग्रुपमध्ये ते नाव द्यायचं, आपल्या केसमध्ये पार्टीचा ग्रुप. पार्टी बदलली की ते आपोआप नव्याने सुरू होतं, पान कुठलंही असो इंजिन स्वतः हिशोब ठेवतं. आम्ही त्याच्याही एक पाऊल मागे गेलो आणि बाकी क्वेरीमध्येच काढली, सम आणि ओव्हर वापरून, पार्टीनुसार पार्टिशन करून. एसक्यूएल सर्व्हर २०१२ पासून हे नीट चालतं. कारण एवढंच की तीच बाकी पेढीच्या दुसऱ्या स्क्रीनवर पण लागते आणि दोन ठिकाणी दोन हिशोब नकोत. इथं एक खड्डा आहे तो मुद्दाम सांगतो. ओव्हरमध्ये फक्त तारखेने ऑर्डर बाय दिलं आणि पुढे काही लिहिलं नाही तर डीफॉल्ट रेंज लागते, मग एकाच तारखेच्या तीन बिलांना तिन्हीकडे एकच बाकी दिसते, तिन्ही मिळवून झालेली. लोहार चाळीत एका पार्टीला दिवसात चार बिलं फाटणं रोजचंच आहे. म्हणून ऑर्डरमध्ये तारखेनंतर व्हाउचर नंबर घ्यायचा आणि रेंजऐवजी ROWS, म्हणजे ओळीनुसार, असं स्पष्ट लिहायचं.

मालकांना पानाच्या तळाशी "पुढे नेले" हवं होतं, जुन्या खातेवहीसारखं. जुन्या कोडमध्ये त्यासाठी अजून एक व्हेरिएबल होतं. त्याची पण गरज नाही, पेज फूटरमध्ये रिपोर्टआयटम्स मधून बाकीचा टेक्स्टबॉक्स घेऊन त्याला लास्ट लावलं की त्या पानावरची शेवटची बाकी मिळते. हेडर-फूटरच्या एका एक्स्प्रेशनमध्ये असा एकच टेक्स्टबॉक्स घेता येतो, आपल्याला एकच हवा होता.

पुढे लाख-कोटीचे कॉमा. त्यासाठी एक लांबलचक फंक्शन होतं, आकडा स्ट्रिंगमध्ये बदलून उजवीकडून आधी तीन आणि मग दोन-दोन अंक कापणारं. मॅडम म्हणाल्या, जमा पार्टीच्या बाकीत कधीकधी वजाच्या चिन्हानंतर लगेच कॉमा येतो. हो, येणारच, उणे ५०,००० ची स्ट्रिंग कापताना शेवटचे तीन गेले, मग ५० गेले आणि उरलं नुसतं वजाचं चिन्ह, त्याच्यापुढे पण कॉमा लागला. उणे ५,००,००० ला हे होत नाही कारण तिथं चिन्हाबरोबर एक आकडा उरतो, म्हणून दोष कधी दिसायचा कधी नाही. पण माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. फंक्शनने स्ट्रिंग परत दिली की तो आकडा राहत नाही, एक्सेलमध्ये एक्सपोर्ट केला की पूर्ण कॉलम टेक्स्ट होतो आणि सीएच्या ऑफिसमध्ये कोणीतरी बसून तो परत आकड्यात बदलत बसतो. दर महिन्याला बसत होते, आणि त्यांना वाटायचं एक्सेलच असं करतं. टेक्स्टबॉक्सच्या लँग्वेज प्रॉपर्टीत भारतीय इंग्रजी निवडा आणि फॉरमॅटमध्ये एन दोन (N2) लिहा, कॉमा लाख-कोटीचेच पडतात, आणि आतला आकडा आकडाच राहतो. पूर्ण फंक्शन काढून टाकलं.

भागाकाराचं फंक्शन मात्र ठेवलं, आणि ते का ठेवलं हे सांगायला पाहिजे कारण अनेकांना वाटतं की आयइफने (IIf, अट बघून दोनपैकी एक उत्तर देणारं) काम होतं. टार्गेट शून्य असेल तर शून्य दाखव, नाहीतर विक्री भागिले टार्गेट, असं आयइफमध्ये लिहिलं तरी टार्गेट शून्य असलेल्या सेल्समनपुढे हॅश एरर येतं. आयइफ हे फंक्शन आहे, ते चालायच्या आधीच त्याचे दोन्ही पर्याय मोजले जातात, म्हणजे शून्याने भागाकार होऊनच जातो. रक्कम डेसिमल प्रकारची असली तर एरर, फ्लोट असली तर इन्फिनिटी किंवा नॅन असं काहीतरी छापून येतं. अनेक अटींसाठीच्या स्विच फंक्शनचं पण तसंच. कोड टॅबमधल्या फंक्शनमध्ये खरं इफ असतं, जी फांदी लागते तीच चालते. चार ओळींचं फंक्शन, दोन आकडे घेतं, एक परत देतं, आत काही साठवत नाही. असं फंक्शन हजार वेळा, कुठल्याही पानावर, कितीही लोकांनी बोलावलं तरी उत्तर तेच. माझ्या मते कोड टॅबमध्ये राहायची लायकी अशाच फंक्शनांची.

आणि आता अक्षरी रक्कम, ज्यात आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि मला सगळ्यात जास्त आवडलेलं काम तेच.

पेढीची सरकारी ऑफिसांना जाणारी बिलं मराठीत असतात, खाली "अक्षरी रुपये" आणि शेवटी "फक्त". इंग्रजीत हे फंक्शन लिहायला एकोणीसपर्यंतचे शब्द आणि पुढे दहाचे आठ शब्द पुरतात, बाकी जोडून होतं. मराठीत तसं जमत नाही, एकोणपन्नास, त्रेपन्न, अठ्ठ्याहत्तर, नव्व्याण्णव, प्रत्येक आकड्याला स्वतःचा शब्द, म्हणून शून्य ते नव्व्याण्णव अशी शंभर शब्दांची यादीच ठेवावी लागते. जुन्या कोडमधल्या यादीत एक्क्याऐंशी आणि एक्क्याण्णव एकमेकांच्या जागी होते, ते एवढे दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही कारण लोक आकडा बघतात, अक्षरं बघत नाहीत. वाद होतो तेव्हा बरोबर अक्षरं बघितली जातात. आम्ही यादी दुकानातल्या जुन्या दिवाणजींना वाचायला दिली, त्यांनी चष्मा पुसून बोटाने एकेक शब्द तपासला, दोन शब्दांचं शुद्धलेखन सुधारलं आणि एक मोलाची गोष्ट सांगितली, "शंभर आणि एकशे वेगळे ठेवा." नुसते १०० असले तर शंभर, पण १०५ ला एकशे पाच. जुन्या फंक्शनमध्ये १०० ला "एकशे" छापून यायचं. १,१०० चं काय करायचं हे पण त्यांनाच विचारलं, बोलताना आपण अकराशे म्हणतो, बिलावर त्यांनी "एक हजार शंभर" ठरवलं, तेच ठेवलं.

रचना मग सरळ आहे, कोटी, लाख, हजार, शे आणि उरलेले दोन अंक असे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याचा शब्द यादीतून घ्यायचा. कोटीचा तुकडा ९९ च्या वर जाऊ शकतो म्हणून त्याच्यासाठी फंक्शन स्वतःलाच परत बोलावतं.

याच फंक्शनमध्ये रुपयाचा एक दोष लपला होता. एका बिलावर आकडा ८४,२५१ आणि अक्षरात चौऱ्याऐंशी हजार दोनशे पन्नास. मूळ बेरीज ८४,२५०.५०. चौकटीतला आकडा फॉरमॅटने गोल केला, तो अर्ध्याला वर नेतो. अक्षरांच्या फंक्शनमध्ये सीइंट (CInt, आकड्याचा पूर्णांक करणारं) वापरलं होतं, ते अर्ध्याला जवळच्या सम संख्येकडे नेतं, डॉट नेटचं मॅथ राउंड पण काही सांगितलं नाही तर तसंच करतं. बेरीज ८४,२५१.५० असती तर दोन्हीकडे ८४,२५२ आलं असतं आणि कोणाला काही कळलं नसतं. म्हणजे बरोबर पन्नास पैसे आणि आधीचा रुपया सम, तेव्हाच हा दोष दिसतो. आकडा आणि अक्षरं जुळत नाहीत म्हणून समोरच्या ऑफिसने ते बिल परत पाठवलं होतं. आपल्याकडे नियम स्पष्ट आहे, सीजीएसटी कायदा २०१७ च्या कलम १७० मध्येही कर गोल करताना पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर पुढचा रुपया, कमी असतील तर सोडून द्यायचे. आम्ही गोल करणं क्वेरीत एकदाच केलं, एसक्यूएलचं राउंड डेसिमलला अर्ध्याला शून्यापासून लांब नेतं, आणि तीच गोल रक्कम चौकटीत आणि फंक्शनमध्ये दोन्हीकडे दिली. फंक्शन आता गोल करतच नाही.

अजून एक बारीक गोष्ट. फंक्शनचा पॅरामीटर डेसिमल ठेवला आणि डेटामधून रिकामं आलं तर व्हिज्युअल बेसिक त्याला गुपचूप शून्य करतं आणि बिलावर "शून्य फक्त" छापतं. पॅरामीटर ऑब्जेक्ट ठेवून आधी रिकामं आहे का ते तपासावं आणि असेल तर कोरं परत द्यावं. कोरी जागा बघून माणूस विचारतो तरी, शून्य बघून विचारत नाही. आणि सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट आहे ना ते बघा, आपल्या मशीनवर असतो म्हणून लक्षात येत नाही.

उधारीच्या दिवसांचे गट पण कोडमध्ये होते, ३०, ६०, ९०, आकडे थेट फंक्शनमध्ये लिहिलेले. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकराच्या कलम ४३बी मध्ये एच हा भाग आला, १ एप्रिल २०२४ पासून लागू, सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच उत्पन्नातून वजा मिळतो, आणि मुदत एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायदा २००६ प्रमाणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. पेढी स्विचबोर्ड आणि केबलचा माल बऱ्याच लहान कारखान्यांकडून घेते, त्यामुळे देण्याच्या रिपोर्टमध्ये १५ आणि ४५ चे गट लागले. कोणीतरी एका रिपोर्टमध्ये बदलले आणि बाकीच्यांमध्ये राहिले, कारण कोड टॅबमधला कोड त्या एका रिपोर्टच्या फाइलमध्ये राहतो, कॉपी केला की दोन वेगळे कोड झाले. मार्चअखेरीला मालकांच्या हातात दोन कागद, एकावर मुदत संपलेली आणि दुसऱ्यावर न संपलेली. कायदा बदलला की बदलणारी गोष्ट रिपोर्टच्या पोटात ठेवू नये, ती टेबलमध्ये हवी. आता गटांचं एक छोटं टेबल आहे, मॅडम स्वतः बदलू शकतात, आणि रिपोर्टच्या कोडमध्ये फक्त गटाचा नंबर घेऊन रंग देणारं फंक्शन उरलंय.

आमच्यातल्या एकाचं म्हणणं होतं की अक्षरी रकमेचं फंक्शन डीएलएल, म्हणजे रिपोर्टबाहेरची वेगळी कोडची फाइल, करून सर्व्हरच्या बिन फोल्डरमध्ये टाकू, म्हणजे सगळ्या रिपोर्टना एकच. चुकीचं नाही ते, मोठ्या कंपनीत मी पण तेच केलं असतं. पण डीएलएल आली की पॉलिसीच्या कॉन्फिग फाइलमध्ये परवानग्या आल्या, नवीन सर्व्हर लावताना आठवण ठेवणं आलं, आणि पेढीचा विचार पुढे क्लाउडवर पॉवर बीआयला जायचा आहे, तिथं रिपोर्टमधला कोड चालतो पण आपली डीएलएल टाकता येत नाही. हे फंक्शन फक्त बिल आणि पावतीत लागतं. म्हणून ते दोन्हीकडे कोड टॅबमध्येच ठेवलं, पण मूळ प्रत गिटमध्ये, म्हणजे कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या जागी, आहे, शेजारी एक छोटा प्रोजेक्ट आहे ज्यात ० पासून एक कोटीच्या वरपर्यंतच्या निवडक रकमा आणि त्यांची दिवाणजींनी तपासलेली अक्षरं आहेत, बदल आधी तिथं करायचा, सगळ्या रकमा पास झाल्या की मगच टॅबमध्ये चिकटवायचा.

खातेउतारा चालू करायच्या आधी दोन मशीनवरून, दोन मोठ्या पार्ट्यांचे उतारे एकदम काढून, स्क्रीनवर शेवटच्या पानापर्यंत जाऊन, पीडीएफ आणि एक्सेल तिन्ही जुळवून बघितले, मस्जिद बंदर आणि दादरच्या त्याच दोन पार्ट्या घेऊन. मॅडमनी एक्सेलच्या कॉलमवर बेरीज लावली आणि ती लागली. भिवंडीच्या गोडाऊनचे स्टॉक रिपोर्ट अजून बाकी आहेत, त्यांच्यातही शेअर्ड लिहिलेलं एक व्हेरिएबल सापडलंय, ते दुरुस्त होईपर्यंत गोडाऊनला सांगितलंय की स्टॉकचा रिपोर्ट एका वेळी एकानेच काढायचा.